प्रेपमध्ये अर्धा तास बोलू द्या

आमच्या शाळेत संध्याकाळच्या प्रेपमध्ये बोलायला मनाई आहे. सहावीपासून आम्ही हा नियम पाळतो आणि गणितासाठी तो मला मान्यही आहे. शेजारचा नुसता कुजबुजला तरी अधिकचं उणे होतं. पण दहावीच्या बोर्डाला आता थोडेच आठवडे उरले आहेत आणि जीवशास्त्राची उजळणीसुद्धा आम्ही तोंडाला कुलूप लावूनच करतो आहोत. ते काही मला पटत नाही. प्री-बोर्ड संपल्यापासून परीक्षेपर्यंत रोज प्रेपमधला अर्धा तास बोलायला मोकळा असावा आणि तो जीवशास्त्राला द्यावा, असं माझं मत आहे.

शांत प्रेपमध्ये जीवशास्त्र कसं होतं ते कुणीही येऊन पाहावं. समोर एनसीईआरटीचं पुस्तक, बाजूला सीनियरकडून आलेल्या नोट्सची झेरॉक्स, हातात पिवळा हायलायटर. तासाभरात पान इतकं पिवळं होतं की न रंगवलेली ओळच उठून दिसते. या झेरॉक्सची एक गंमत आहे. तिच्यात अजून उत्क्रांती आहे. २०२३च्या पुस्तकापासून तो भाग दहावीतून गेला आणि प्रकरणाच्या नावात नुसती 'आनुवंशिकता' उरली. तरी झेरॉक्सवरून झेरॉक्स निघत राहिली आणि तो भाग पाठ करणारे अजूनही भेटतात. (वाचायला तो भाग फार छान आहे. तो गेल्याचं मला वाईट वाटतं. पण वाचणं वेगळं आणि परीक्षेला नसलेलं घोकणं वेगळं.)

विज्ञानाच्या ८० गुणांच्या लेखी पेपरात जीवशास्त्राचे ३० गुण धरा. प्रकरणं पाचच. तरी आमच्या वर्गात हा विषय सगळ्यात शेवटी उघडला जातो, कारण बहुतेकांना अकरावीला पीसीएम घ्यायचं आहे. एनडीएच्या लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुण गणिताचे, तेव्हा बायो कशाला, असा हिशेब असतो. उरलेल्या ६०० गुणांच्या पेपरात सामान्य विज्ञान आहे आणि त्यात पेशी, मानवी शरीर, साथीचे रोग असं सगळं येतं, हे मी मित्रांना सांगून पाहिलं. त्याने फारसा फरक पडत नाही. ज्याला पाठांतराचाच कंटाळा आला आहे त्याला अजून गुण दाखवून उपयोग नाही. मुळात हा विषय पाठांतराचा आहे ही समजूत शांत प्रेपमधून तयार झाली आहे, असं मला वाटतं.

धमनी आणि शीर यांच्यातला फरक घ्या. तक्ता सगळ्यांचा तोंडपाठ आहे. धमनीत ऑक्सिजनयुक्त रक्त, शिरेत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त. वहीत हा तक्ता कधीच अडत नाही. मागच्या रविवारी बूट पॉलिश करताना माझ्या हाउसमधल्या सातवीच्या एका मराठी मुलाला मी हृदयाची आकृती समजावून सांगत होतो. त्याने विचारलं, "दादा, ही फुप्फुसाकडे जाणारी धमनी आहे ना? मग हिला निळा रंग का दिलाय?" प्रश्न बरोबर होता. धमनीची खूण तिच्यात काय वाहतं ही नाही, कुठे वाहतं ही आहे. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. फुप्फुस धमनी ऑक्सिजन घ्यायला निघालेलं रक्त नेते, म्हणून आकृतीत निळी. आणि रक्त निळं कधीच नसतं, तो फक्त छापणाऱ्यांनी दिलेला रंग आहे, हेही त्याला सांगावं लागलं. पाच मिनिटांत हृदयाची दोन्ही चक्रं, फुप्फुसाकडे जाणारं आणि शरीराकडे जाणारं, अशी समोर उभी राहिली की आता मला तक्ता लागत नाही. वहीने मला हा प्रश्न कधीच विचारला नसता.

शिरांना झडपा असतात, हेही सगळ्यांना पाठ आहे. का असतात, तर रक्त उलट फिरू नये म्हणून. इथपर्यंत एक गुण मिळतो. आता परेड ग्राउंडवर या. मोठ्या परेडच्या सरावाला अर्धा-पाऊण तास सावधानमध्ये उभं राहिलं की कुणीतरी एक जण कोसळतो आणि त्याला एमआय रूमला नेतात. आमचे ड्रिल उस्ताद नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगतात, बुटाच्या आत पायाची बोटं हलवत राहा, पोटऱ्या हळूच आवळा आणि सोडा, बाहेरून काही दिसता कामा नये. त्यांनी हे कुठल्या पुस्तकातून घेतलं नसेल, पण हेच ते झडपांचं प्रकरण आहे. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढायला पोटरीच्या स्नायूंचा दाब लागतो. स्नायू आवळले की शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकतं आणि झडपा त्याला खाली येऊ देत नाहीत. पुतळ्यासारखं उभं राहिलं की हा पंप बंद पडतो, रक्त पायात साचतं, मेंदूला कमी पोचतं आणि मुलगा खाली. आडवा झाला की मेंदू आणि हृदय एका पातळीवर येतात आणि तो थोड्या वेळात डोळे उघडतो. म्हणून पडलेल्याला लगेच ओढून उभं करायचं नसतं. ज्याला ही गोष्ट एकदा सांगता आली त्याला झडपांवर कसाही फिरवून प्रश्न आला तरी भीती नाही. आणि पुढे ज्याला खरंच जवानांना घेऊन उभं राहायचं आहे त्याला हे माहीत नसेल तर ते बरं नाही.

बोलण्यातून भांडणं होतात, हा आक्षेप मला ऐकायला मिळाला आहे. व्हावीत. आमच्या डॉर्ममध्ये झालेलं सगळ्यात उपयोगी भांडण 'सावधान' या शब्दावरून झालं. एक जण म्हणाला, उस्तादांनी सावधान म्हटलं की टाच आपोआप आपटते, म्हणजे ती प्रतिक्षिप्त क्रिया. ऐकायला पटण्यासारखं आहे. दुसऱ्याने विचारलं, मेसमधला गरम मग हाताला लागला तर हात मागे येतो, तेव्हा तुला आधी 'गरम' हा शब्द समजावा लागतो का? नाही. ती खबर मेरुरज्जूपर्यंत जाते, तिथूनच स्नायूला हुकूम सुटतो, मेंदूला मागाहून कळतं. सावधानचं तसं नाही. तो आवाज कानातून मेंदूत जातो, तिथे तो शब्द ओळखला जातो, मग पाय हलतो. उस्ताद मुद्दाम 'साव...' म्हणून थांबतात तेव्हा जुने कॅडेट जागचे हलत नाहीत आणि नवे फसतात. मेरुरज्जूला असं फसवणं किंवा थांबवणं जमलं नसतं. मग टाच इतकी सफाईने कशी आपटते? सरावाने, आणि हालचालीचा तोल आणि नेमकेपणा सांभाळणाऱ्या अनुमस्तिष्कामुळे. म्हणजे एका भांडणात प्रतिक्षिप्त क्रिया, ऐच्छिक हालचाल, मेरुरज्जू आणि अनुमस्तिष्क एवढं सगळं झालं. शांत प्रेपमध्ये याला चार वेगळी पानं आणि दोन दिवस लागतात.

मूत्रपिंडाचंही असंच. निरोगी माणसाच्या मूत्रपिंडात दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवीवाटे एक-दोन लिटरच बाहेर पडतो. हा आकडा हायलायटरखाली जाऊन बसला की मेला. कुणाला मोठ्याने सांगितला की ऐकणारा लगेच म्हणतो, एवढं पाणी आलं कुठून? शरीरात रक्तच पाच लिटरच्या आसपास. उत्तर असं की तेच पाणी पुन्हा पुन्हा गाळलं जातं आणि नेफ्रॉनच्या नळीतून पुन्हा रक्तात घेतलं जातं. किती परत घ्यायचं हे शरीरात पाणी किती आहे त्यावर ठरतं. इथे राजस्थानात एप्रिलमध्ये दुपारच्या गेम्सनंतर लघवी गडद का होते, याचं उत्तर त्यातच आहे. घामावाटे पाणी गेलं, मूत्रपिंडाने उरलेलं धरून ठेवलं. पाण्याची बाटली भरून घ्या हा एमआय रूमचा सल्ला तिथूनच आलेला.

क्रॉस कंट्रीच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जो तो म्हणतो, लॅक्टिक आम्ल जमलं आहे. तेही कुणीतरी कुणालातरी तपासून विचारायला हवं. ऑक्सिजन कमी पडला की स्नायूत लॅक्टिक आम्ल तयार होतं हे बरोबर, पण ते तास-दोन तासांत निघून जातं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं त्याच्या डोक्यावर टाकता येत नाही. ते स्नायूतंतूंना झालेल्या बारीक इजांचं असतं.

आता मराठी पानासाठी खास लिहायचा मुद्दा. आम्ही विज्ञान इंग्रजीतून शिकतो, एकमेकांशी हिंदीत बोलतो आणि घरी मराठीत. त्यामुळे उत्तर इंग्रजीत तयार असलं तरी ते डोक्यात किती गेलं आहे हे मला मराठीत सांगायला लागलं की कळतं. मराठी कधी मदत करते. प्रकाशसंश्लेषण म्हटलं की प्रकाश आणि जोडणी दोन्ही शब्दातच आहेत. कधी ती अडवतेही. घरी आपण 'नस' म्हणतो ती कधी रक्तवाहिनी असते, कधी चेतातंतू. 'नस दबली' आणि 'नस कापली' यातल्या नसा एक नाहीत. त्या सातवीच्या मुलाला वाटत होतं की मेंदूचे निरोप रक्तातूनच धावतात. (संप्रेरकांचे निरोप धावतातही, म्हणून तो अगदीच वेडा नव्हता.) हा गोंधळ इंग्रजीत कधी दिसलाच नसता, कारण इंग्रजीत त्याने ते शब्द नुसते पाठ केले होते.

दिवाळीच्या सुट्टीत गावी होतो तेव्हा माझ्या एका चुलत काकूला तिसरी मुलगी झाली होती. बारशाला आलेल्या बायका हळू आवाजात जे बोलायच्या ते बोलत होत्या. मूल मुलगा की मुलगी हे कशाने ठरतं, हा बोर्डाचा ठरलेला प्रश्न आहे आणि आमच्या वर्गात तो चुकणारा एकही नाही. आईकडून नेहमी एक्स गुणसूत्र येतं, वडिलांकडून एक्स किंवा वाय, तेव्हा ठरतं ते वडिलांच्या गुणसूत्रावरून. मी हे आजीला मराठीत सांगितलं. आजी म्हणाली, "म्हणजे माझ्या लेकाचा दोष म्हणतोस होय रे?"

पुस्तकातलं उत्तर बरोबर आहे, गुणही त्यालाच मिळतात. पण आजीच्या प्रश्नाला ते पुरत नाही. काकूवरचा ठपका उचलून काकांवर ठेवणं हे काही त्या आकृतीचं म्हणणं नाही. मग मी नाणं काढलं. काकांच्या शुक्राणूंपैकी निम्म्यांत एक्स, निम्म्यांत वाय. कुठला आधी पोचेल हे काकांच्या हातात नाही, काकूंच्याही नाही. छापा-काटा. आणि तीनदा छापा पडला म्हणून चौथ्यांदा काटा पडायला नाणं बांधलेलं नसतं, प्रत्येक वेळी पुन्हा निम्मं-निम्मं. आजीने नाणं स्वतः चार-पाच वेळा उडवून पाहिलं. त्यानंतर तिने विचारलं, मग माणसं नवस कशाला बोलतात. त्याचं उत्तर जीवशास्त्रात नाही, म्हणून मी गप्प बसलो.

मेंडेलच्या वाटाण्याचं ३:१ हे गुणोत्तरही मला त्या नाण्यामुळेच नीट समजलं. त्याला गोल दाणे मिळाले ५४७४ आणि सुरकुतलेले १८५०. भागाकार केला तर २.९६ येतो, बरोबर तीन नाही. चार दाण्यांत तीन गोल असलेच पाहिजेत असा हुकूम कुठे नाही. हजारो दाणे मोजले की आकडा तीनच्या जवळ जातो. हाच मेंडेल १८५० साली शिक्षकपदाच्या परीक्षेत नापास झाला होता. ज्यांची प्री-बोर्ड बिघडली असेल त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो.

शांततेच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, आणि आमच्या ड्यूटी मास्तरांनी ते मला ऐकवलं आहे. अर्धा तास मोकळा दिला की दहा मिनिटांत गप्पा क्रिकेटवर जातील. जातील, काही गटांच्या जातीलच. शिवाय आकृत्या बोलून काढता येत नाहीत. नेफ्रॉन, हृदय, फुलाचा उभा छेद यांना हात आणि पेन्सिलच लागते आणि तिथे शांतताच बरी. संप्रेरकांची नावं, कुठल्या ग्रंथीतून कुठलं, याला घोकण्यावाचून इलाज नाही. मी म्हणतो ते पूर्ण प्रेपचं नाही, अर्ध्या तासाचं. वर्गात सर उत्तम शिकवतात, पण चाळीस मिनिटांच्या तासात सगळ्यांना उलट बोलून दाखवायला वेळ कुठून येणार? तो वेळ प्रेपमध्येच निघू शकतो. आणि जो मुलगा वर्गात सरांसमोर "मला कळलं नाही" म्हणत नाही, तो शेजारच्या पलंगावरच्या मित्राला बिनधास्त म्हणतो.

सोय अवघड नाही. तिघांचा गट पुरे. चौथा आला की एक जण ऐकणारा न राहता झोपणारा होतो. एक सांगेल, पुस्तक मिटून. दुसऱ्याने फक्त 'का' आणि 'मग' विचारायचं. तिसऱ्याकडे उघडं पुस्तक, तो चूक धरेल. दहा मिनिटांनी जागा बदलायच्या. गट शक्यतो वेगवेगळ्या राज्यांतल्या मुलांचा असावा. सगळ्यांची घरची भाषा एकच असली की अर्धवट वाक्यांवर निभावतं, ओडिशाच्या मित्राला मात्र वाक्य पूर्ण करूनच सांगावं लागतं. आठवड्यातून एकदा तिसऱ्याच्या जागी सातवी-आठवीतला एखादा मुलगा बसवावा. त्याला काहीच माहीत नसतं, म्हणून त्याचे प्रश्न सगळ्यात कठीण असतात. बाकीच्या हाउसना त्रास होऊ नये म्हणून मेसच्या मागचा व्हरांडा वापरता येईल. तिथे दिवा आहे, आणि जानेवारीच्या थंडीत तिथे अर्ध्या तासापेक्षा जास्त कुणी रेंगाळणार नाही, ही ड्यूटी मास्तरांसाठी हमी. एका हाउसपुरतं तीन आठवडे करून पाहावं आणि प्री-बोर्डचे जीवशास्त्राचे गुण बोर्डाच्या आधीच्या शेवटच्या चाचणीशी ताडून पाहावेत. गुण वाढले नाहीत तर आम्ही पुन्हा हायलायटर घेऊन गप्प बसू.